कीटकभक्षी झाडे, घरगुती जोडधंदा आणि पाण्याचा हिशोब

कापडाच्या धंद्यात उमर घालविलेल्या माणसाला पाण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. ग्रे कापड कितीही चांगले असले तरी रंगाईच्या पाण्यात चुना जास्त असला की शेड मंद पडते, ताक्यावर डाग येतात आणि पार्टी माल परत पाठविते. तीस वर्षे हे पाहत आल्यामुळे पाण्यातले आपल्याला कळते, असा एक समज माझ्या मनात घर करून होता. हा समज किती अपुरा होता, हे बोटभर उंचीच्या काही झाडांनी मला शिकविले. त्या शिक्षणाची फी माझ्या भाच्याने भरली. आपल्यापैकी कोणी बांधव घरबसल्या जोडधंदा म्हणून अशा झाडांकडे वळत असतील, तर त्यांना तीच फी पुन्हा भरावी लागू नये, म्हणून हा लेख.

भाचा भिवंडीत राहतो. घरचे माग मंदीत विकले गेले. मुलगा कॉमर्स शिकलेला, हाताने नीटनेटका. गॅलरीत झाडे लावण्याचा त्याला लहानपणापासून शौक. लोक आता घरात शोभेची झाडे ठेवतात आणि त्यातही कीटक खाणाऱ्या झाडांना चांगला भाव मिळतो, असे त्याच्या पाहण्यात आले. त्याने माझ्याकडे १५,००० रुपये मागितले. मी कर्ज-ए-हसना म्हणून दिले. त्यातून परराज्यातल्या एका नर्सरीतून ६० झाडे आली; भाड्यासह सरासरी २५० रुपयांना एक पडले. पहिल्या महिन्यात ४०० रुपयांप्रमाणे १४ झाडे विकली गेली आणि घरात सर्वांच्या चेहऱ्यावर उजेड आला.

नर्सरीवाल्याने एक गोष्ट बजावून सांगितली होती : "बोअरचे पाणी देऊ नका, मऊ पाणी द्या." भाच्याच्या इमारतीत बोअरचेच पाणी. त्याने मला विचारले, "मामू, मऊ पाणी कुठे मिळेल?" मी म्हणालो, त्यात काय मोठेसे! ज्या प्रोसेस हाऊसकडे माझा माल जातो तिथे सॉफ्टनरचा प्लांट आहे. दर आठवड्याला वीस-वीस लिटरचे पाच कॅन मी स्वतः रिक्षात घालून पोहोचविले. भाच्याने गिऱ्हाइकांना द्यायच्या चिठ्ठीवरही छापून घेतले : "सॉफ्टनरचे मऊ पाणी द्यावे."

दीड-दोन महिन्यांत पानांची टोके काळी पडू लागली. नवी पाने आखूड व वाकडी येऊ लागली. कुंडीतल्या मातीवर पांढरी साय दिसू लागली. घरातल्या ४६ झाडांपैकी ३९ मेली. आर.ओ. दुरुस्त करणारा ओळखीचा मिस्त्री एक दिवस घरी आला. त्याच्या खिशात क्षार मोजायचे मीटर होते. बोअरच्या पाण्यात बुडविले, तर आकडा आला ६४०. मी आणलेल्या कॅनमध्ये बुडविले, तर ६६५. भाचा बराच वेळ मीटरकडे पाहत राहिला. मग एवढेच म्हणाला, "मामू, हे तर बोअरपेक्षाही जास्त आहे."

चूक कुठे झाली हे समजण्यासाठी आधी ही झाडे कोणती आणि त्यांची भूक कसली, हे पाहिले पाहिजे.

ही झाडे कीटक का खातात?

अल्लाहने प्रत्येक जागेची रोजी वेगळी ठेवली आहे. काही जमिनी अशा असतात की तिथे पाणी भरपूर, पण झाडाला लागणारा नत्र-स्फुरदाचा अंश जवळजवळ नाही. दलदली, पाणथळ माळ, कातळावरचे ओलसर थर या त्या जागा. पावसाचे पाणी वर्षानुवर्षे तिथले क्षार धुऊन नेते. अशा ठिकाणी उगवणाऱ्या काही झाडांची पानेच सापळे बनली आहेत. जे जमिनीतून मिळत नाही, ते ती माशी, मुंगी, चिलटे यांच्यापासून घेतात. बाकी अन्न इतर झाडांप्रमाणेच उन्हापासून तयार करतात. डार्विनने १८७५ साली या झाडांवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला होता.

बाजारात तीन प्रकार जास्त चालतात. पहिला व्हीनस फ्लायट्रॅप. याचे पान शिंपल्यासारखे मिटते. निसर्गात हे झाड फक्त अमेरिकेतील नॉर्थ व साऊथ कॅरोलिना या दोन राज्यांच्या किनारपट्टीत उगवते. दुसरी घटपर्णी. हिच्या पानांच्या टोकाला सुरईसारखे घट लोंबतात. तिसरे दवबिंदू किंवा ड्रोसेरा. याच्या पानांवरच्या केसांना चिकट थेंब असतात व दव पडल्यासारखे ते चमकतात.

ही सगळी परदेशी चीज आहे असे समजू नये. आपल्या कोकणातील जांभ्याच्या सड्यांवर पावसाळ्यात दवबिंदू उगवतो. साताऱ्याजवळच्या कास पठारावर ज्या निळ्या-जांभळ्या फुलांना लोक सीतेची आसवे म्हणतात, तेही कीटकभक्षीच झाड आहे. त्याचे सूक्ष्म सापळे मुळांच्या जागी ओल्या मातीत लपलेले असतात. घटपर्णीची भारतात निसर्गतः सापडणारी एकच जात आहे, ती मेघालयातली.

या सर्वांमध्ये एक गोष्ट समान आहे. त्यांची मुळे जवळपास पावसाच्याच शुद्ध पाण्यावर पोसलेली असतात. गुलाबाला किंवा तुळशीला जे क्षार पचतात, ते या मुळांना सोसत नाहीत.

भारी पाणी, हलके पाणी

मराठी शाळेत ज्याला दुष्फेन आणि सुफेन पाणी म्हणतात, ते आमच्या उर्दू शाळेत भारी पाणी आणि हलके पाणी म्हणून शिकविले गेले. ज्यात साबणाचा फेस होत नाही ते भारी, ज्यात होतो ते हलके. भारी पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते काढले की पाणी हलके झाले. एवढा धडा पाठ होता. 'हलके' या शब्दावरून मी मनाशी धरून चाललो की त्यातले ओझे उतरले.

झाडे मेल्यावर मी प्रोसेस हाऊसमधल्या रंगमास्तरांकडे गेलो. त्यांनी मला सॉफ्टनरच्या टाकीपाशी नेले. बाजूला मिठाच्या गोण्यांची थप्पी होती. ती थप्पी मी अनेक वर्षांपासून पाहत होतो. सुती कापडाच्या रंगाईत रंग धाग्यावर चढावा म्हणून मीठ घालतात, तेव्हा हे मीठ त्यासाठीच असेल असे माझ्या डोक्यात पक्के होते. मास्तर म्हणाले, "शेठ, या गोण्या रंगाच्या नाहीत, पाण्याच्या आहेत."

सॉफ्टनरच्या टाकीत रेझिनचे बारीक दाणे असतात. त्यांच्यावर सोडियम चिकटविलेला असतो. भारी पाणी त्यातून गेले की दाणे कॅल्शियम पकडतात आणि त्याच्या बदल्यात सोडियम पाण्यात सोडतात. दाणे भरले की मिठाचे पाणी सोडून ते पुन्हा तयार करावे लागतात. त्यासाठी त्या गोण्या. म्हणजे इथे क्षार निघून जात नाही, क्षाराची अदलाबदल होते. ४० ग्रॅम कॅल्शियम गेले की ४६ ग्रॅम सोडियम येते. मीटरचा आकडा कमी न होता किंचित वाढला, त्याचे कारण हेच. रंगाईसाठी हे पाणी उत्तम, कारण कॅल्शियम गेल्यावर साबण व रंग सुखाने काम करतात. कीटकभक्षी झाडाच्या मुळाला मात्र सोडियम हा कॅल्शियमपेक्षा वाईट पाहुणा. मोठ्या इमारतींतही असे सॉफ्टनर बसविलेले असतात. अशा इमारतीत राहणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

क्षार साठतो कसा?

एखाद्याला वाटेल, ६४० म्हणजे काय मोठे? या आकड्याचा अर्थ असा की एक लिटर पाण्यात ६४० मिलिग्रॅम क्षार विरघळलेले आहेत. यालाच टी.डी.एस. म्हणतात, पी.पी.एम. हे त्याचे माप. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक संस्थेने ५०० ही चांगली मर्यादा ठरविली आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेण्याची मुभा ठेवली आहे. म्हणजे आपण आरामात पितो ते पाणी या झाडांना पुष्कळदा झेपत नाही. त्यांच्यासाठी ५० च्या खाली असलेले पाणी चांगले. ५० ते १०० पर्यंतचे पाणी काही काटक जाती सोसतात. तेही अधूनमधून शुद्ध पाण्याने कुंडी धुतली तर. त्यापुढे धोका.

ही झाडे बशीत उभ्या पाण्यावर वाढवितात. पाणी पानांतून आणि मातीवरून उडून जाते, क्षार मात्र कुंडीतच राहतात. समजा एका कुंडीला दिवसाला १०० मिलिलिटर पाणी लागते. महिन्याला ३ लिटर झाले. पाणी ६४० चे असेल तर महिन्याला १९२० मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ दोन ग्रॅम क्षार त्या मूठभर मातीत जमा होतो. वर्षाचे धरले तर सुमारे २३ ग्रॅम. उधारीच्या वहीसारखे हे आहे. रोजची रक्कम छोटी, पण जमा काही होत नाही आणि एक दिवस दुकान बसते. तेच पाणी २० चे असेल तर वर्षाला पाऊण ग्रॅमदेखील होत नाही.

कोणते पाणी चालेल, कोणते नाही

नळाचे पाणी गावाप्रमाणे बदलते. तलाव व धरणाचे पाणी मुळात पावसाचे असल्यामुळे बोअरपेक्षा त्यात क्षार पुष्कळ कमी असतात. पण मोजल्याशिवाय देऊ नये. उन्हाळ्यात पाणी तळाला जाते तेव्हा आकडा वाढतो, शिवाय अनेक इमारतींत नळाचे व बोअरचे पाणी एकाच टाकीत पडते.

नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवले तर साध्या क्लोरीनचा वास उडतो. क्षार उडत नाहीत.

उकळल्याने चुन्याचा थोडा भाग तळाशी बसतो. बाकी क्षार तसेच राहतात आणि वाफ गेल्यामुळे उरलेले पाणी उलट दाट होते.

तुरटी फिरविल्याने गढूळपणा जातो. क्षार जात नाहीत. उलट तुरटी स्वतः एक क्षारच आहे.

कँडल, कोळशाचा फिल्टर, यू.व्ही. दिवा ही साधने माणसासाठी चांगली. विरघळलेल्या क्षाराला ती हात लावत नाहीत.

बाटलीबंद 'मिनरल' पाणी नावातच सांगते की त्यात खनिजे आहेत. ते टाळावे, निदान मोजून पाहावे.

बॅटरीच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड वॉटर खरे असेल तर चालते. सीलबंद घ्यावे व मोजून घ्यावे. बॅटरीचे अ‍ॅसिड ही वेगळी वस्तू आहे. ती कॅनच्या गर्दीत चुकून हाती येऊ नये.

ए.सी.च्या नळीतून टपकणारे पाणी क्षाराला हलके असते, पण जाळीवरची धूळ व धातूचा अंश त्यात येऊ शकतो. जाळी औषधाने धुतल्यानंतरचे पाणी तर घेऊच नये. दोन-चार झाडांवर आधी तजुर्बा करावा.

बॉयलरच्या वाफेचे थंड झालेले पाणी कारखान्यातून फुकट मिळते म्हणून आणू नये. बॉयलरला गंज लागू नये म्हणून वापरलेली रसायने त्यात असू शकतात. डी.एम. प्लांटचे पाणी मात्र सॉफ्टनरपेक्षा वेगळे. तिथे दोन प्रकारच्या रेझिनने दोन्ही बाजूंचे क्षार काढले जातात व आकडा शून्याजवळ येतो. ते चालते.

पावसाचे पाणी : सर्वात स्वस्त, सर्वात चांगले

या झाडांचे मूळ पाणी पावसाचे आणि ते आपल्या डोक्यावर फुकट पडते. हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. गच्चीवर दहा फूट बाय दहा फूट प्लास्टिकचा स्वच्छ कागद चारी कोपऱ्यांनी बांधून मध्ये झोळ दिला, तर ते सव्वानऊ चौरस मीटरच्या आसपास होते. दहा मिलिमीटरच्या एका सरीत ९० लिटरच्या वर पाणी.

गरज किती? ४० कुंड्यांना रोज १०० मिलिलिटर प्रमाणे ४ लिटर. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांचे २४० दिवस धरले तर ९६० लिटर. म्हणजे दोनशे लिटरचे पाच पिंप. एवढे पाणी त्या कागदावर १०५ मिलिमीटर पावसात जमा होते. कोकणपट्टीत भर पावसाळ्यात हे काही दिवसांचे काम. मालेगावसारख्या कमी पावसाच्या गावातही पावसाळाभर लक्ष ठेवले तर जमते.

पथ्ये अशी : मोसमाच्या पहिल्या एक-दोन सरी जाऊ द्याव्यात, हवेतली धूळ, धूर आणि आपल्या गावात कापसाचे तंतू त्यात उतरतात. त्यानंतरही प्रत्येक वेळी पहिली दहा-पंधरा मिनिटे सोडून मग पिंप लावावे. सिमेंटच्या स्लॅबवरून वाहिलेले पाणी घेऊ नये. सिमेंटचा चुना त्यात मिसळतो. गंजक्या पत्र्याचेही नको. पिंप खाण्याच्या वस्तूंचे असावे. रंग-रसायनाचे जुने पिंप कितीही धुतले तरी घेऊ नये. तोंडावर दुहेरी मलमल घट्ट बांधावी, म्हणजे डास अंडी घालणार नाहीत. डेंग्यूचे घर करून झाडे विकणे ही कमाई नव्हे. पिंप सावलीत ठेवावे, उजेड लागला की शेवाळ धरते.

आर.ओ. घ्यायचे तर

पिंप ठेवायला जागा नसेल, तर आर.ओ. हा दुसरा मार्ग. चांगल्या स्थितीतला आर.ओ. नव्वद टक्क्यांच्या वर क्षार काढतो. पण घरगुती मशीनमध्ये चवीसाठी खनिजे परत मिसळण्याची सोय असते, त्यामुळे नळीतून १०० च्या वरचे पाणीही येऊ शकते. मिस्त्रीकडून खनिजांच्या भांड्याआधी एक वेगळी तोटी काढून घ्यावी. पडदा जुना झाला की आकडा हळूहळू चढतो, म्हणून दर आठवड्याला मोजावे. मीटर काही शे रुपयांत मिळते. ज्या धंद्याचा जीव पाण्यात आहे त्यात हा खर्च टाळणे म्हणजे गजाशिवाय कापड विकणे.

पाणी कमी पडत असेल तर मिसळूनही भागविता येते. नळाचे पाणी २०० चे आणि आर.ओ.चे १० चे असेल, तर एक भाग नळाचे व चार भाग आर.ओ.चे मिळून ४८ चे पाणी होते. पण असे मिश्रण सॉफ्टनरच्या पाण्याशी करू नये.

एक गोष्ट इमानाने सांगितली पाहिजे. घरगुती आर.ओ. साधारण चार लिटर पाण्यातून एक लिटर देतो व तीन लिटर नळीवाटे टाकतो. रोज ४ लिटर हवे तर १२ लिटर बाहेर. आठ महिन्यांत २,८८० लिटर. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी उधळू नये, ही आपल्या दीनची शिकवण. इथे तर टँकरची रांग लागते. तेव्हा ते पाणी बादलीत धरून फरशी, संडास, गाडी धुण्याला लावावे.

मीटर काय सांगत नाही, तेही जाणावे. ते पाण्यातून वीज किती वाहते यावरून क्षाराचा अंदाज देते. तेल, कीटकनाशक किंवा जंतू त्याला कळत नाहीत. आकडा कमी म्हणून पाणी पिण्याजोगे, असा अर्थ काढू नये.

कुंडी आणि माती

पाणी सुधारले आणि माती बिघडलेली राहिली, तर मेहनत वाया. बागेची माती, शेणखत, गांडूळखत, रासायनिक खत यांतले काहीही या झाडांच्या मुळाशी घालू नये. स्फॅग्नम शेवाळाचे पीट आणि परलाइट किंवा धुतलेली सिलिका वाळू हे नेहमीचे मिश्रण. कोकोपीट स्वस्त पडते, पण नारळाच्या काथ्यात मीठ असते. ते शुद्ध पाण्यात भिजवून, पिळून, निथळलेल्या पाण्याचा आकडा खाली येईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवावे. कुंडी प्लास्टिकची, मातीची कुंडी क्षार धरून ठेवते.

फ्लायट्रॅप व दवबिंदूच्या कुंड्या बशीत बोटाच्या एका पेराएवढ्या पाण्यात ठेवाव्यात. घटपर्णीला ओल हवी, पण तिची कुंडी पाण्यात उभी ठेवू नये. तिला वरून पाणी द्यावे व निथळू द्यावे. महिन्यातून एकदा सर्व कुंड्यांना वरून भरपूर शुद्ध पाणी ओतून साठलेला क्षार धुऊन काढावा. गोश्ताचा किंवा अंड्याचा तुकडा सापळ्यात घालण्याचा मोह मुलांना होतो. त्याने सापळा कुजतो. उघड्यावर ठेवलेले झाड आपली रोजी स्वतः शोधते.

फ्लायट्रॅपला हिवाळ्यात तीन-चार महिने थंडीची विश्रांती लागते. कोकणच्या उबदार हवेत ती नीट मिळत नाही व झाड हळूहळू थकते. दमट हवेत संकरित घटपर्णी व उष्ण प्रदेशातले दवबिंदू जास्त टिकतात. विकणाऱ्याने हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे.

चिठ्ठी आपली, जबाबदारीही आपली

आता त्या १४ गिऱ्हाइकांचे काय झाले, ते सांगतो. झाडे का मेली हे कळल्यावर भाचा रात्री माझ्याकडे आला. म्हणाला, "मामू, लोकांच्या घरी गेलेली झाडे त्यांच्या हातून मेली. त्यांचे पैसे द्यावे लागतील का?" मी विचारले, "चिठ्ठी कोणी छापली?" तो गप्प झाला.

पैगंबर (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घालतात, आत ओल लागते आणि ओला माल लोकांना दिसेल असा वर ठेवण्यास ते व्यापाऱ्याला सांगतात, हा प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. आमच्या राशीतली ओल त्या चिठ्ठीत होती. फरक इतकाच की ती आम्हाला माहीत नव्हती. माहीत झाल्यावर झाकली असती, तर तो फरकही उरला नसता.

भाच्याने चौदाही जणांना फोन केला. तिघांनी चिठ्ठी न वाचता पावसाचे किंवा आर.ओ.चे पाणी दिले होते, त्यांची झाडे ठीक होती. ११ जणांची मेली होती. त्यांना प्रत्येकी ४०० प्रमाणे ४,४०० रुपये परत केले. १५,००० रुपये घालून हातात १,२०० रुपये आणि सात झाडे राहिली. पाणी मी सुचविले होते, म्हणून माझ्या कर्जातला निम्मा हिस्सा मी माफ केला. बाकीचा त्याने स्वतःहून हप्त्याने फेडला.

पुढच्या पावसाळ्यात त्याने वीसच झाडे आणली, पण त्याआधी गच्चीवर पाच पिंप भरले. आज प्रत्येक झाडासोबत तो नवी चिठ्ठी देतो. तीवर चार ओळी आहेत : पाणी ५० च्या खालचे, पावसाचे सर्वात चांगले, सॉफ्टनरचे कधीही नाही, खत नाही. ज्याच्याकडे तसे पाणी नाही त्याला तो पाच लिटरचा भरलेला कॅन देतो आणि रिकामा कॅन परत आणला की पुन्हा भरून देतो. पैसे कापाहोळी नाहीत, पण घरखर्चाला हात लागतो. जुन्या ११ गिऱ्हाइकांपैकी काहींनी परत मिळालेल्या पैशांतूनच पुन्हा झाड नेले.

कायद्याची मर्यादा

शेवटी एक इशारा. कास पठारावरून किंवा कोकणच्या सड्यावरून झाडे उपटून विकण्याचा विचारही करू नये. कास हा वनखात्याचा प्रदेश असून पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला आहे. मेघालयातील घटपर्णी आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वात कडक यादीत आहे. फ्लायट्रॅपच्या मायदेशी, नॉर्थ कॅरोलिनात, जंगलातून तो चोरणे २०१४ पासून गंभीर गुन्हा ठरले आहे. परदेशातून रोप आणायचे तर आयात परवाना व रोगमुक्तीचा दाखला लागतो. बियाणे, फुटवे किंवा टिश्यू कल्चरपासून तयार केलेली रोपेच बिलासह घ्यावीत. बिल जपून ठेवावे.

कारागीर बांधवांजवळ दोन मोठ्या गोष्टी असतात. हाताची सफाई आणि मोजमापाची सवय. या धंद्याला त्याच लागतात. गच्चीचा एक कोपरा, पाच पिंप, एक मीटर आणि खरी चिठ्ठी एवढ्यावर तो सुरू होऊ शकतो. पहिल्या वर्षी दहा-वीस झाडांच्या पुढे जाऊ नये. आणि "मला पाण्यातले कळते" असे सांगत कोणी मामू कॅन घेऊन आला, तर त्याचा मान ठेवावा, चहा पाजावा आणि कॅनमध्ये मीटर बुडवावे. अल्लाह सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो. आमीन.